खिसा चाचपणारा बाहुला

रविवारी खालचं वकिलीचं ऑफिस उघडत नसत. त्या रविवारी जेवणं झाल्यावर अण्णांनी स्वतः कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि जिन्यात उभं राहून वर हाक मारली, "सगळ्यांनी खाली या." मग थोडं थांबून म्हणाले, "अगं, तूसुद्धा."

माईनं ओले हात पदराला पुसले. ऑफिसच्या कामात तिला कुणी बोलावत नसे. बोलावलं म्हणजे अदलाबदल होणार, हे तिनं ओळखलं. तिनं चहाचा कप आणि चमचा घेतला. चहा प्यायला आणि चमचा आपटायला.

अदलाबदलीची रीत अण्णांनीच घातली होती, मुलं लहान असताना. थोरला आणि ठकी एका लाकडी घोड्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होते तेव्हा. अण्णांनी दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं, आता थोरल्यानं ठकीची बाजू मांडायची, ठकीनं थोरल्याची. ती अशी मांडायची, की ज्याची बाजू आहे त्यानं मान हलवली पाहिजे. तोवर स्वतःचं तोंड उघडायचं नाही. मान हलली की नाही ते माई बघणार, कारण भांडणात बाजू नसलेली घरात तीच काय ती. पुढे मुलं वकील झाली, घोडा मोडला, रीत राहिली. थोरल्याशी लग्न करून आलेल्या वहिनीला ती पहिल्याच वर्षी शिकावी लागली. वहिनी दातांची डॉक्टर. ती म्हणायची, "माझ्याकडे पेशंटचं तोंड उघडं असतं पण बोलत नाही. इथे सगळं उलटं आहे."

आजचं भांडण मात्र घोड्यावरचं नव्हतं.

ठकी कोर्टातून आली की मागच्या खोलीत शिरायची. पूर्वी तिथे जुन्या फायली होत्या. आता एक टेबल, पटाशा, कानशी, सरसाचा वास आणि भिंतीला एक लांब खुंटाळं. त्याच खुंटाळ्यावर एका बाजूला घरातल्या वकिलांचे काळे कोट आणि दुसऱ्या बाजूला तिच्या दोरीवरच्या बाहुल्या. एकदा अण्णांनी घाईत कोट ओढला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात पोचल्यावर त्यांच्या पाठीला एक चेटकीण लोंबकळताना लोकांनी पाहिली. त्या दिवशी अण्णा खटला जिंकले, आणि समोरचा वकील म्हणाला, दोघांविरुद्ध एकटा काय करणार?

असं हसत-खेळत चाललं होतं. ठकीच्या बाहुल्यांचे खेळ छोट्या हॉलमध्ये व्हायचे, माणसं यायची. मागच्या आठवड्यातल्या खेळाला गोदामवाले आले.

गोदामवाले म्हणजे ऑफिसचे सगळ्यात जुने अशील. भागीदाराशी त्यांचा दावा चालू होता आणि तो ठकी बघत होती. खेळात एक बाहुला होता, म्हातारा दारवाला. दारं विकायचा, कुलपं विकायचा. कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की हा दारवाला डाव्या हातानं कानाची पाळी ओढायचा, जरा थांबायचा, मग उजव्या हातानं छातीवरचा खिसा चाचपायचा, आणि मग थाप मारायचा. लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसायचे.

गोदामवाले हसले नाहीत. शुक्रवारी ऑफिसात येऊन ते अण्णांना म्हणाले, तो बाहुला मी आहे, घरात पुतण्या माझी नक्कल करतो. रविवारी चारला येतो. तो बाहुला माझ्यासमोर मोडायचा, नाहीतर माझ्या फायली द्या. आणि मी वकिलांच्या संघटनेकडे जाणार. अशिलाच्या गोष्टी बाहेर विकणाऱ्या बाईला सनद कशाला हवी?

सनद गेली तर काळा कोट खुंटाळ्यावरच राहणार, हे सांगायला वकील लागत नव्हता.

*

थोरल्याला राग आला होता आणि तो त्याला आवडत होता. लहानपणापासून ठकीला सगळं माफ. नाव ठकी का, तर ती झोपतानाही लाकडाची ठकी उशाशी घ्यायची. त्याला मात्र कुणी घोडा म्हणालं नाही. तो जमिनीचे दावे चालवायचा, फायली जागच्या जागी ठेवायचा, आणि ऑफिस चालायचं ते त्यामुळे, असं त्याला वाटायचं. ते बरंचसं खरंही होतं.

"सुरू करा," माई म्हणाली. "गोदामवाल्यांची बाजू ठकी मांडेल. बाहुल्याची बाजू थोरला."

"मी?" थोरला म्हणाला. "मला तर वाटतं मोडावा."

"म्हणूनच तू."

थोरला उठला. अशिलाशी बोलताना घालायचा तो आवाज त्यानं काढला. "बाहुला हा लाकडाचा आहे. लाकडाला अब्रू नसते. कला ही... कला ही समाजाचा आरसा..."

माईनं चमचा कपावर आपटला. "ठकीची मान हलली का?"

ठकी टेबलावर कोपर टेकून बसली होती. तिची मान जागची हलली नव्हती.

"शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतही तुला आरशावरच बक्षीस मिळालं होतं," वहिनी म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" थोरला तिच्याकडे वळला.

"मी बघायला आलेय."

हे बोलताना वहिनीनं नजर चुकवली. कारण दारवाल्याच्या तोंडात जे पिवळट, एकमेकांवर चढलेले दात होते, ज्यांना सगळा हॉल हसला होता, ते तिनं केले होते. दवाखान्यातलं प्लास्टर, साच्याची माती, सगळं ती पर्समध्ये घालून ठकीला आणून द्यायची. दिवसभर माणसांचे दात सरळ करायचे आणि एकदा मनासारखे वाकडे करायला मिळाले तर कोण सोडेल? पण नवऱ्याला तिनं सांगितलं नव्हतं. आता बाहुला टेबलावर येणार आणि दात बोलणार.

"मी मांडतो," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"बाहुल्याची बाजू मी मांडतो. पण आधी ठकी. फिर्याद आधी."

*

ठकी उभी राहिली. तिनं टेबलाला वळसा घातला आणि अशिलाच्या खुर्चीत जाऊन बसली. या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. ही खुर्ची बुटकी आहे, हे तिला पहिल्यांदा कळलं. समोरचा वकील उंच दिसायचा.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "मी इतकी वर्षं तुमच्याकडे येतो. या खुर्चीत बसून मी जे बोललो ते बायकोलाही सांगितलं नाही. तुमच्या मुलीकडे काम दिलंत, मी हो म्हणालो. ती चांगलं ऐकते. मी बोलत होतो आणि ती मान डोलवत होती. मला वाटलं, समजून घेतेय." ती थांबली. "ती माझं माप घेत होती."

थोरल्यानं पेनाचं टोपण लावलं.

"हॉलमध्ये माझ्या शेजारी माझा पुतण्या होता. बाहुल्यानं कान ओढला, खिसा चाचपला. पुतण्या आधी बाहुल्याकडे बघून हसला, मग माझ्याकडे बघून. घरी गेल्यावर सगळ्यांसमोर त्यानं ते करून दाखवलं. आता मी कान खाजवला तरी घर हसतं. आणि तेवढंच नाही. तो बाहुला एक वाक्य म्हणतो. कुलूप मोठं लावलं की आत काय आहे ते कुणी विचारत नाही. हे वाक्य मी इथे म्हणालो होतो. याच खुर्चीत."

"म्हणाले होते?" थोरल्यानं एकदम विचारलं.

अदलाबदल चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. पण माईनं चमचा उचलला नाही. तिलाही तेच विचारायचं होतं.

ठकी स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मला वाटत होतं, मला सुचलं. आत्ता इथे बसल्यावर आठवलं. म्हणाले होते."

"देवा," थोरला म्हणाला, पण त्याच्या आवाजातला राग कमी झाला होता. बहीण अशी स्वतःवरच कुऱ्हाड मारून घेईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं उठून तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"लाकूड कोरताना हात विचारत नाही," ठकी म्हणाली, "की हे ऑफिसातलं, हे रस्त्यावरचं, हे माझं. सगळं एकाच वाटेनं येतं. मी शपथेवर काय सांगू?"

"हे बाहुल्याच्या बाजूचं झालं," अण्णा म्हणाले. "ते माझं काम. बाहुला आण."

*

दारवाला टेबलावर आडवा पडला तेव्हा फायलींमध्ये तो फारच लहान दिसत होता. अण्णांनी चष्मा पुसला. मुलीनं केलेली बाहुली त्यांनी कधी हातात घेतली नव्हती. खेळाला जायचे, मागे बसायचे, टाळ्या वाजवून यायचे. पण मुद्देमाल समोर आला की तो उलटून-पालटून बघायचा, ही त्यांची जन्माची सवय.

"हे दात कुणी केले?"

वहिनीनं छताकडे बघितलं.

"दात उत्तम आहेत," अण्णा म्हणाले. "सरकारी कचेरीत असेच असतात."

थोरल्यानं बायकोकडे बघितलं, दातांकडे बघितलं, पुन्हा बायकोकडे. "तूसुद्धा?"

"नंतर भांडू," वहिनी म्हणाली. "अदलाबदल करून."

अण्णांनी दोऱ्या बांधलेली वरची काठी धरली. बाहुला दचकल्यासारखा उठला आणि एका बाजूला कलंडला. ठकी पुढे झाली. "अशी नाही अण्णा, सैल धरा. तोल त्याचा त्याला सांभाळू द्या. ही दोरी कानाची."

"ही?"

"हो. हळू."

दारवाल्याचा डावा हात उठला आणि कानाशी गेला.

"आणि खिसा याच दोरीवर?"

"नाही, दुसऱ्या. कान झाला की लगेच ओढायची नाही. मध्ये थांबायचं."

"का?"

"तो थांबतो म्हणून."

"कोण?"

ठकीनं दुसरी दोरी चिमटीत धरून बाहुल्याकडे बघितलं. तिला उत्तर माहीत आहे असं तिला वाटलं होतं.

अण्णांनी काठी खाली ठेवली. ते खिडकीकडे वळले. हा प्रश्न बाहुल्याच्या वकिलाला अडचणीचा होता. हालचाल गोदामवाल्यांची असेल तर बाजू गेली. नसेल तर कुणाची, ते दाखवावं लागणार. काय बोलावं याचा विचार करत ते उभे राहिले.

"अण्णा," वहिनी अगदी हळू म्हणाली. "तुमचा हात."

त्यांचा डावा हात कानाच्या पाळीवर होता. सगळे बघत राहिले. जरा वेळ गेला. मग, जणू वरून कुणी दोरी ओढली, उजवा हात उठला आणि शर्टाच्या खिशावर जाऊन पडला.

पहिल्यांदा माई हसली. तोंडावर पदर धरून हसली, मग चमचा पडला. मग थोरला. मग ठकी, आणि ठकीच्या डोळ्यांत हसताना पाणी आलं.

"मी हे करतो?" अण्णा स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले.

"अहो, लग्न झाल्यापासून बघतेय," माई म्हणाली. "मला वाटायचं पाकीट चाचपता."

"मला वाटायचं छातीत दुखतं," थोरला म्हणाला. "दोनदा डॉक्टरांना विचारलंय मी, तुम्हाला न सांगता."

"मला वाटलं कवळीची डबी," वहिनी म्हणाली.

"मला कवळी नाही!"

"म्हणूनच मला कोडं पडलं होतं."

ठकी डोळे पुसत म्हणाली, "मी लहानपणी इथे टेबलाखाली बसायचे ना, तिथून मला तुमचे हातच दिसायचे. वर काय चाललंय ते हातांवरून कळायचं. कान ओढला की समोरचा काहीतरी कठीण बोलला. खिसा चाचपला की आता तुम्ही बोलणार." ती थांबली. "पण तिथे काय शोधता, ते कधी कळलं नाही. काय असतं तिथे, अण्णा?"

अण्णांनी खिशात बोटं घातली. खिसा रिकामा होता. ते खुर्चीत बसले, आणि चुकून अशिलाच्या खुर्चीत बसले.

"माउथ ऑर्गन," ते म्हणाले.

माईचं हसू थांबलं. "कसला?"

"तोंडानं वाजवायचा. तुझ्या आधीची गोष्ट. आम्ही चौघं मित्र वाजवायचो, हॉलमध्ये, लग्नात, कुठेही. तो इथे असायचा. वकिली सुरू केली तेव्हाही असायचा. कठीण प्रश्न आला की हात लावून बघायचो, आहे ना म्हणून. मग घाबरायला व्हायचं नाही. एकदा कोर्टात वाकलो आणि तो खाली पडला. न्यायाधीश म्हणाले, वकीलसाहेब, पुरावा आहे की वाद्य? सगळे हसले. माझे सीनियर हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, एका खिशात दोन धंदे राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तो घरी ठेवला. पुढे घर बदललं, त्यात कुठे गेला कळलं नाही."

"मला कधी बोलला नाहीत," माई म्हणाली.

"हाताला अजून ठाऊक नाही, की तो गेला," अण्णा म्हणाले. "मलाही आत्ताच कळलं."

माईनं खाली वाकून चमचा उचलला, पण आपटला नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडे ती एखादं नवीन दुकान उघडलेलं बघावं तशी बघत होती.

*

गोदामवाले चारला आले. बरोबर दुसरा वकील आणला नव्हता, हे थोरल्यानं आधी टिपलं. सगळं घर बसलेलं बघून ते दारातच थबकले.

"बसा," अण्णा म्हणाले आणि स्वतःच्या उंच खुर्चीकडे बोट केलं. ते स्वतः बुटक्या खुर्चीतच राहिले होते. गोदामवाले अवघडून बसले.

"दोन गोष्टी आहेत," अण्णा म्हणाले. "एक, कुलपाचं वाक्य. ते तुमचं आहे. इथे बोललेलं होतं, बाहेर जायला नको होतं. ते गेलं. ठकी?"

"काढून टाकलंय," ठकी म्हणाली. "चूक माझी आहे. ठरवून केली नाही, पण माझीच. तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी हेच तिथेही सांगेन."

थोरला खुर्चीत पुढे सरकला. अशी कबुली कुठला वकील आपल्या अशिलाला देऊ देईल?

"दुसरी गोष्ट," अण्णा म्हणाले. "बाहुला. तो तुमचा नाही. माझा आहे."

"वकीलसाहेब, मला काय आंधळा समजता? माझ्या पुतण्यानं..." गोदामवाले चिडले, अडखळले, आणि त्यांचा डावा हात कानाकडे गेला. समोर अण्णांचाही गेला. दोघं क्षणभर थांबले. मग दोन उजवे हात दोन छातींवर गेले.

वहिनीनं रुमाल तोंडात कोंबला.

गोदामवाल्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मग अण्णांच्या हाताकडे.

"या खुर्चीतून," ते शेवटी म्हणाले, "हे असं दिसतं होय."

"तुमचा दोष नाही. वाण नाही पण गुण लागतो," माई म्हणाली. "मीही आता भाजीवाल्याशी यांच्यासारखीच बोलते."

गोदामवाले हसले नाहीत, पण खांदे खाली आले. "म्हणजे लबाड तुम्ही," ते अण्णांना म्हणाले.

"बाहुला लबाड दिसतो, कारण त्याचा खिसा रिकामा आहे," अण्णा म्हणाले. "ती चूक मुलीची नाही. तिला आत काय होतं ते माहीत नव्हतं."

"आणि माझ्या खिशात?" गोदामवाल्यांनी आपलाच खिसा उघडून आत बघितलं. काहीच नव्हतं. "मग मी काय चाचपतो?"



तक्रार त्यांनी केली नाही. पण फाईल ठकीकडे ठेवायलाही ते तयार झाले नाहीत. "ही समोर बसली की मला आता बोलता येणार नाही. हात बांधून बसावं लागेल." दावा थोरल्याकडे गेला. ठकीनं कागद स्वतः बांधून थोरल्याच्या टेबलावर ठेवले. तिच्या हातातलं ते सगळ्यात मोठं काम होतं, आणि ते जाताना तिला लागलं. थोरल्यानं ते बघितलं. फाईल मिळाल्याचा आनंद त्याला जसा व्हायला हवा होता तसा झाला नाही.

"पुढचा खेळ आधी घरात दाखवायचा," तो म्हणाला. "मी अशिलाच्या खुर्चीत बसणार. प्रत्येक वाक्याला हरकत घेणार."

"तू नाहीतरी घेतोसच."

"पण आता अशिलासारखा चहा मिळेल," थोरला म्हणाला.

*

संध्याकाळी मागच्या खोलीत ठकी बोटाच्या पेराएवढा लाकडाचा तुकडा घासत होती. अण्णा दारात येऊन उभे राहिले. कोटांच्या बाजूला, बाहुल्यांच्या बाजूला नाही.

"काय करतेस?"

"दारवाल्याला माउथ ऑर्गन. भोकं पाडायची की नुसती रंगवायची?"

"पाड." ते आत आले. "पण मोठा करू नकोस. खिशाबाहेर दिसता कामा नये."

"मग लोकांना कळणार कसं?"

अण्णांनी काठी उचलली. या वेळी सैल धरली. दारवाला उठून उभा राहिला, डुलला, सावरला. कान. थांबणं. ठकीनं घासलेला तुकडा त्याच्या खिशात सरकवला आणि अण्णांनी दुसरी दोरी ओढली.

हात खिशावर गेला. आधी तो लागायचा आणि लगेच निसटायचा. आता तो तिथे टेकून राहिला.

"कळतं," अण्णा म्हणाले.

त्यांनी दोरी सोडली नाही. ठकीनं दिवा जवळ ओढला आणि बाहुल्याच्या हाताकडे बघत राहिली.